घोरणं थांबलं की मला बरं वाटायचं

लग्नाला 17 वर्षं झाली, त्यातली निदान 12 तरी मी नवऱ्याच्या घोरण्यावर चिडचिड करण्यात घालवलीत. साधंसुधं घोरणं नाही, पलीकडच्या खोलीत सासूबाईंना ऐकू जायचं असलं. कानात कापूस घालून झाला, डोक्यावर उशी घेऊन झाली, कोपराने ढोसून त्याला कुशीवर वळवून झालं. आणि मध्येच ते थांबायचं. एकदम चिडीचूप. मला इतकं बरं वाटायचं की विचारू नका, म्हटलं चला, आता तरी डोळा लागेल. दहा सेकंद, वीस सेकंद, आणि मग घशात काहीतरी फुटल्यासारखा आवाज, अख्खं अंग दचकणार, आणि गाडी पुन्हा रुळावर.

तर ज्या शांततेची मी रोज रात्री वाट बघायचे, त्या शांततेत त्याचा श्वास बंद असायचा. आणि तेव्हाच त्याच्या हृदयावर सगळ्यात जास्त घाव पडत होते. हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो, म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय.

सुरुवात बीपीपासून झाली, म्हणजे आम्हाला तसं वाटलं. 43 व्या वर्षी बीपी निघालं, एक गोळी सुरू झाली, मग दुसरी, मग तिसरी, चालणं सुरू केलं, मीठ कमी केलं, तरी वरचा आकडा 150 च्या खाली यायला तयार नाही. लघवीवाटे पाणी काढणारी गोळी धरून तीन-तीन गोळ्या पुऱ्या डोसमध्ये चालू असूनही बीपी ऐकत नसेल तर त्याला रेझिस्टंट हायपरटेन्शन म्हणतात, आणि अशा लोकांमध्ये झोपेत श्वास अडकण्याचा आजार, म्हणजे स्लीप अॅप्निया, फार मोठ्या प्रमाणात सापडतो, हे आता मला पाठ झालंय. तेव्हा आमच्या डॉक्टरांनी झोपेबद्दल एका शब्दाने विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. घोरतो, ही काय डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे का, असं आमचं.

दुसरी गोष्ट म्हणजे रात्री लघवीला उठणं. तीन वेळा, कधी चार वेळा. शुगर तपासली, नॉर्मल. प्रोस्टेटची सोनोग्राफी केली, नॉर्मल. मग "वय झालं आता" असं म्हणून विषय संपला. 47 हे काय वय असतं होय! सकाळी डोकं जड, दुपारी मीटिंगमध्ये पेंग, आणि एकदा तर सिग्नलला गाडी उभी असताना हा चक्क झोपला, मागच्यांचे हॉर्न वाजायला लागले तेव्हा मी हलवून उठवलं. तरीसुद्धा आमची ट्यूब पेटली नाही. उलट "पडल्या पडल्या झोपतो, नशीबवान आहे" असं मी मैत्रिणींना सांगायचे.

मग एका रात्री मला झोप येत नव्हती आणि मोबाईल हातात होता. घोरणं थांबलं आणि का कुणास ठाऊक, मी स्टॉपवॉच लावलं. 34 सेकंद. म्हटलं चुकलं असेल. पुढचं 41. त्याची छाती हलत होती बरं का, पोट वरखाली होत होतं, म्हणजे तो श्वास घ्यायचा जिवापाड प्रयत्न करत होता पण नाकातोंडातून हवा काही जात नव्हती, मी हात धरून बघितला नाकाशी. ते दृश्य अंधारात मोबाईलच्या उजेडात बघताना माझे हातपाय गार पडले. व्हिडिओ काढला आणि दुसऱ्या एका डॉक्टरांना दाखवला. त्यांनी मिनिटभर बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, शर्टाची कॉलर किती नंबरची? मला वाटलं चेष्टा करतायत. मान मोजली तर 42 सेंटीमीटर. 40 च्या वर मान हा या आजाराचा एक इशारा धरतात, कारण गळ्यात आतून मांस-चरबी जास्त असेल तर वाट आधीच अरुंद. बाकी हा काही खूप जाडा नाही, पण खालचा जबडा जरा मागे आहे, आणि जबडा मागे असला की जीभही मागे. वजन जास्त नसलेल्यांनाही हा आजार होतो तो असा.

स्लीप स्टडी केली. नाकाखाली नळी, छातीला आणि पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिमीटर. रिपोर्टमध्ये एक आकडा असतो, एएचआय, म्हणजे तासाला किती वेळा श्वास पूर्ण थांबला किंवा बराच कमी झाला, आणि मोजायचं तेव्हाच जेव्हा ते किमान 10 सेकंद टिकतं. 5 च्या आत नॉर्मल, 15 पर्यंत सौम्य, 30 पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. याचा 41. तासाला 41, सात तास झोपला तर 287 वेळा. श्वास सगळ्यात जास्त वेळ थांबला तो 68 सेकंद आणि सगळ्यात खाली गेलेला ऑक्सिजन 71 टक्के. कोविडमध्ये 94 च्या खाली आकडा गेला की आपण धावपळ करत होतो, आठवतंय ना? आणि इथे माझ्या शेजारी रोज रात्री 71 चाललेलं, नि मी कानात कापूस घालून झोपतेय.

आता हृदयाचा इथे संबंध काय, हे मला नीट समजून घ्यायचं होतं, कारण घसा कुठे आणि हृदय कुठे. डॉक्टरांनी एक गोष्ट करून बघायला सांगितली. नाक चिमटीत धरा, तोंड घट्ट मिटा, आणि श्वास आत ओढायचा प्रयत्न करा. दोन सेकंद पुरे, आणि ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी तेही करू नका. छाती आतल्या आत खेचली जाते, गळ्याच्या खाली खळगा पडतो. झोपेत हेच चाललेलं असतं. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे पडून वाट बंद होते, आणि खालून छाती मात्र जोर लावून हवा ओढत राहते.

आणि हृदय त्याच छातीत बसलंय. फुप्फुसांवर जी ओढ आहे तीच हृदयावरही, चहूबाजूंनी बाहेर फाकवणारी. त्याला तर आवळून रक्त बाहेर फेकायचंय. ओलं कापड आपण पिळतोय आणि समोरचा माणूस ते उलट्या बाजूने उलगडत बसलाय, तसं. प्रत्येक ठोक्याला जास्त जोर. वर त्याच ओढीने शरीरातलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडे जास्त खेचलं जातं, उजवा कप्पा फुगतो, मधली भिंत डावीकडे सरकते, म्हणजे डाव्या कप्प्याला काम जास्त आणि जागा कमी. असं वर्षानुवर्षं रात्रभर व्यायामाला लावलेला स्नायू जाड होणारच. याच्या टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डाव्या कप्प्याची भिंत थोडी जाड आलीच होती. ती बीपीमुळेही होते, त्यामुळे नक्की कुणाचं पाप कुणाच्या माथी हे वेगळं काढता येत नाही, दोघांनी मिळून केलंय म्हणायचं.

आणि लघवीचं कोडं इथे सुटलं, ते मला सगळ्यात भारी वाटलं. हृदयाचे वरचे कप्पे, शाळेत कर्णिका म्हणून शिकलो ते, त्यांच्या भिंती पातळ असतात. रक्त जास्त आलं, ताणल्या गेल्या, की हृदयाला वाटतं शरीरात पाणी जास्त झालंय. मग ते एक हार्मोन सोडतं, एएनपी नावाचं, जे किडनीला सांगतं, मीठ आणि पाणी बाहेर काढ. पाणी काही जास्त नसतंच! घसा बंद असल्यामुळे हृदयाची फसगत झालेली असते. म्हणजे आम्ही प्रोस्टेट तपासत बसलो आणि तिकडे हृदय बिचारं तीन-तीनदा उठवून तक्रार सांगत होतं.

त्यानंतर ऑक्सिजन. तो ग्राफ मी बघितलाय, करवतीच्या दातांसारखा, खाली-वर खाली-वर. उंच डोंगरावर राहणाऱ्या माणसाचा ऑक्सिजन कमी असतो पण तो एकसारखा कमी असतो, शरीर जुळवून घेतं. इथे मिनिटामिनिटाला कमी होणार आणि श्वास सुरू झाला की झपकन वर येणार, आणि हे वर येणंही निरुपद्रवी नाही, कारण त्या झटक्यात रक्तवाहिन्यांना आतून त्रास देणारे रेणू तयार होतात, आतलं नाजूक अस्तर बिघडतं, वाहिन्या नीट सैल होईनाशा होतात, सूज राहते. धमन्या कडक होण्याचं जे काम वयाने सावकाश व्हायचं त्याला घाई केल्यासारखं.

तिसरी गोष्ट म्हणजे दचकणं. ऑक्सिजन खाली गेला की मेंदूला कळतं की जीव जातोय, आणि तो माणसाला क्षणभर जागा करतो. इतका क्षणभर की सकाळी आठवतही नाही. पण तेवढ्यात अॅड्रेनॅलिनवाली अख्खी यंत्रणा उठून बसते, वाघ मागे लागल्यावर उठते तीच. श्वास बंद असताना बऱ्याच जणांत ठोके मंद होतात आणि सुटल्याबरोबर धाड धाड धावतात, म्हणजे एकदा करकचून ब्रेक, एकदा अॅक्सिलरेटर. रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात आणि नेमकं त्याच वेळी हृदय जोरात रक्त ढकलायला लागतं, त्यामुळे श्वास सुरू झाल्यावर लगेच बीपी उसळतं, काही जणांत वरचा आकडा 200 च्या पार. हे 287 वेळा. धडधाकट माणसाचं बीपी झोपेत 10 ते 20 टक्के उतरतं, तेवढीच काय ती हृदयाला उसंत. याचं उतरतच नव्हतं. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) ही यंत्रणा चालवणारे मज्जातंतू इतके चढवलेले राहतात की दिवसा जागेपणीही खाली येत नाहीत, म्हणून दिवसा दवाखान्यात मोजलेलं बीपीसुद्धा वाढलेलंच. आम्ही सकाळी गोळ्या देत होतो आणि रात्र ते सगळं पुसून टाकत होती.

या सगळ्याचा हिशोब शेवटी काय होतो? बीपी तर आहेच. कर्णिका ताणून ताणून मोठ्या होतात, त्यांच्यात व्रण पडतात, आणि मग एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरचे कप्पे लयीत ठोके द्यायचे सोडून नुसते थरथरतात, तिथे रक्त साकळतं, गुठळी मेंदूकडे गेली तर पक्षाघात. शॉक देऊन किंवा अॅब्लेशन करून (म्हणजे लय बिघडवणारी जागा आतून जाळून) लय सुधारली तरी श्वासाचा आजार तसाच ठेवला तर ती पुन्हा बिघडण्याचं प्रमाण जास्त दिसलंय. फुप्फुसांतल्या वाहिन्यांचाही दाब वाढू शकतो, मग उजवी बाजू थकते, पायांवर सूज येते. आणि ज्याचं हृदय कमजोर आहे त्याच्या पायातलं पाणी रात्री आडवं झाल्यावर मानेकडे सरकतं, घशाची वाट आणखी अरुंद करतं, म्हणजे घसा हृदयाला मारतोय आणि हृदय घशाला.

एक अभ्यास वाचून मात्र मी दोन दिवस गप्प होते. अमेरिकेत 2005 साली छापून आला होता, अचानक हृदय बंद पडून गेलेल्या 112 लोकांचा, ज्यांची आधी कधीतरी स्लीप स्टडी झाली होती. एरवी असे मृत्यू सकाळी 6 ते दुपारी 12 मध्ये जास्त होतात. पण ज्यांना स्लीप अॅप्निया होता त्यांच्यातले 46 टक्के मध्यरात्र ते सकाळी 6 मध्ये गेले, आणि ज्यांना नव्हता त्यांच्यातले 21 टक्के. झोपेतच गेला, किती शांत मरण आलं, असं आपण म्हणतो ना. मला आता ते वाक्य ऐकवत नाही.

घाबरवायचं नाहीये. घोरणाऱ्या प्रत्येकाला हा आजार नसतो, आणि आजार असलेल्या प्रत्येकाचं हृदय बिघडतंच असंही नाही, सौम्य असेल तर धोका तसा कमी. तसंच झोपेत श्वास थांबण्याचा अजून एक प्रकार आहे ज्यात घसा उघडा असतो पण मेंदूच श्वासाचा हुकूम सोडत नाही, तो हृदय कमजोर झालेल्यांत दिसतो, आणि त्याचे उपचार वेगळे, तिथे श्वासाला मदत करणाऱ्या एका प्रकारच्या मशीनने उलट नुकसान झालेलं 2015 मध्ये दिसलंय, म्हणून परस्पर कुणाचं मशीन आणून लावू नका.

मशीनवरून आठवलं. सीपॅप. नाकावर मास्क, पाईप, आणि हलक्या दाबाने सतत हवा, त्या हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो, बाकी त्यात काही औषध नाही, की तो ऑक्सिजनचा सिलिंडर नाही. हे 1981 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी शोधलं, सुरुवातीच्या मशीनला व्हॅक्युम क्लीनरची मोटर होती. त्याआधी तीव्र आजारावर खात्रीचा इलाज म्हणजे गळ्याला भोक पाडणं! हे नवऱ्याला सांगितल्यावर त्याची मास्कबद्दलची कुरकूर जरा कमी झाली. जरा. पहिले दहा दिवस तर भांडणंच होती, मास्क रात्री दोनला काढून फेकलेला असायचा, नाक कोरडं पडायचं, हवा गळून डोळ्यात जायची, "मी फायटर पायलट दिसतो" वगैरे. दोन मास्क बदलले, दमट हवा देणारी पाण्याची डबी लावली, मग जमलं.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगते कारण नेटवर कुणी सांगत नाही. मशीन लावलं की हार्ट अटॅक टळतो असं पक्कं सिद्ध झालेलं नाही. 2005 मध्येच स्पेनमधल्या पुरुषांच्या अभ्यासात, साधारण 10 वर्षं लक्ष ठेवून, तीव्र आजार असून उपचार न घेणाऱ्यांत हृदयाचे जीवघेणे झटके निरोगी लोकांच्या जवळपास 3 पट निघाले होते आणि मशीन वापरणाऱ्यांत कमी. पण तिथे चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते, मशीन नियमित लावणारा माणूस गोळ्याही नियमित घेतच असणार. मग 2016 मध्ये चिठ्ठ्या टाकून केलेला मोठा अभ्यास आला, 2700 च्या वर लोक, सगळ्यांना आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार, आणि त्यात मशीनने अटॅक-पक्षाघात कमी झाले नाहीत. झोप सुधारली, मूड सुधारला, पण ते नाही. खूप निराश झाले मी वाचून. मग खालचा आकडा बघितला, लोकांनी मशीन सरासरी रात्री 3.3 तास वापरलं होतं. म्हणजे अर्धी रात्र घसा पुन्हा बंदच, आणि पहाटेच्या स्वप्नाच्या झोपेत तर आजार बऱ्याच जणांत जास्त जोर करतो, नेमका तेव्हाच मास्क उशीखाली. त्यातून खूप पेंग येणारे लोक त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. माझं मत विचाराल तर यावरून मशीन बिनकामाचं ठरत नाही, पण मशीन लावलंय म्हणून बीपीच्या गोळ्या नि वजन सोडून द्यायचं, हेही चालणार नाही. वजनाचा फरक पडतोच, 10 टक्के वजन उतरलं तर एएचआय साधारण पाव हिश्शाने कमी होतो असं दिसलंय. झोपायच्या आधीची दारू आणि झोपेच्या गोळ्या घसा आणखी सैल करतात, त्या बंद.

आमच्याकडे काय झालं तर पहिल्या आठवड्यातच रात्रीचं लघवीला उठणं थांबलं. हे इतक्या पटकन होईल असं मला वाटलं नव्हतं. बीपीला वेळ लागला, आणि नुसत्या मशीनने सरासरी दोन-तीन पॉईंटचाच फरक पडतो असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, हट्टी बीपीवाल्यांत जरा जास्त. चार महिन्यांनी, सहा किलो उतरवून, तीन गोळ्यांच्या दोन झाल्या. मशीनच्या स्क्रीनवर सकाळी एएचआय दिसतो, 3, कधी 2, आणि नवरा तो मला परीक्षेचे मार्क सांगितल्यासारखा येऊन सांगतो. इकोत कर्णिकाही थोडी मोठी दिसली होती, ती आहेच, वर्षभराने पुन्हा इको करायचाय.

गोळी कमी केली त्या खेपेला डॉक्टरांनी जाता जाता मला विचारलं, तुमची झोप कशी आहे? मी म्हटलं याच्यामुळे बिघडलीय. ते हसले, म्हणाले बायकांमध्ये हा आजार घोरण्यापेक्षा झोप न लागणं, सतत थकवा, सकाळचं डोकं दुखणं असा येतो, पाळी गेल्यावर वाढतो, आणि रात्री जागून त्यांचा श्वास मोजणारं कुणी नसतं. ते शेवटचं वाक्य लागलं मला. माझी टेस्ट पुढच्या महिन्यात.

बरं, दीर. सख्खा भाऊ, तोच जबडा, तीच मान, तेच बीपी. त्याला फोन केला तर "वहिनी, मी फक्त दमलेला असलो की घोरतो" म्हणे. मी वाद घातला नाही, जाऊबाईंना मेसेज केला की आज रात्री घोरणं थांबलं की झोपू नको, मोज. पहाटे पावणेचारला तिचा मेसेज आला, त्यात नुसता आकडा होता, 52, आणि खाली, "ताई, त्या डॉक्टरांचा नंबर दे."